जनरल पैक सन-यप यांना युद्धवीर मानावे की जपान्यांचे साथीदार?

दक्षिण कोरियाचे पहिले चार-तारांकित जनरल पैक सन-यप यांना त्यांच्याच देशात कोणी त्राता म्हणते तर कोणी देशद्रोही, यांतले खरे काय, असा आपला प्रश्न आहे. कोरियन युद्धाविषयी मी बरीच वर्षे वाचत आलो आहे आणि माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या घटनांवर उभ्या आहेत.

पैक यांचा जन्म १९२० साली प्याँगयांगजवळच्या कांगसो येथे झाला. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. वडील लवकर गेल्यामुळे बालपण अत्यंत हलाखीत गेले. शिक्षक होण्याचे प्रशिक्षण पूर्ण करूनही त्यांनी सैनिकी पेशा निवडला आणि जपानच्या अंकित असलेल्या मांचुको राज्याच्या (म्हणजे ईशान्य चीनमधील मांचुरियाच्या) लष्करी विद्यालयात प्रवेश घेतला. पुढे १९४३पासून ते ‘कांदो विशेष दला’त अधिकारी होते. जपानविरोधी गनिमांचा बीमोड करणे हे या दलाचे काम होते आणि त्यातील बहुसंख्य शिपाई कोरियन होते. देशद्रोहाचा आरोप येथून सुरू होतो, आणि तो विरोधकांनी रचलेला नाही. आपण कोरियन माणसांविरुद्ध लढलो, हे पैक यांनी स्वतःच्या लिखाणात मान्य केले आहे.

जपानच्या पराभवानंतर, १९४५च्या अखेरीस, ते कम्युनिस्टांच्या ताब्यातील उत्तरेतून दक्षिणेत आले आणि नव्या सैन्यात झपाट्याने वर चढले. १९४८च्या योसू येथील सैनिकांच्या बंडानंतर सैन्यातील कम्युनिस्टांचा शोध सुरू झाला, तेव्हा ते गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते. त्या वेळी पकडलेल्या पाक चुंग-ही नावाच्या एका अधिकाऱ्याचे प्राण त्यांच्या रदबदलीमुळे वाचले. हाच अधिकारी पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९६९ साली त्याने पैक यांना वाहतूकमंत्री केले.

मात्र त्यांची खरी कसोटी लागली ती उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केल्यानंतर, १९५०च्या ऑगस्टमध्ये, ताएगू शहराच्या उत्तरेला असलेल्या ताबूदोंग येथे. ताएगू पडले असते, तर पुसान बंदराकडे जाणारा मार्ग शत्रूला मोकळा झाला असता. पैक तेव्हा २९ वर्षांचे होते, पहिल्या डिव्हिजनचे नेतृत्व करत होते आणि मलेरियाने आजारी होते. अन्नपाण्यावाचून थकलेली त्यांची एक तुकडी डोंगर सोडून माघारी येऊ लागली, आणि शेजारच्या अमेरिकन रेजिमेंटच्या कमांडरने, आपली बाजू उघडी पडल्यास आपणही मागे हटू, असे कळवले. पैक तातडीने तेथे पोहोचले, जवानांना खाली बसवले आणि, आपल्यावर विसंबून अमेरिकन लढत आहेत, मी पुढे जातो, मी मागे वळलो तर मला गोळी घाला, असे सांगून ते स्वतः चढाईत उतरले. डोंगर परत मिळाला. दोनच महिन्यांनी, १९ ऑक्टोबरला, त्यांची डिव्हिजन प्याँगयांगमध्ये शिरली.

पुढची एक मोहीम मला विशेष महत्त्वाची वाटते. १९५१-५२च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियातल्या चिरीसानच्या डोंगरांतील कम्युनिस्ट गनिमांविरुद्ध ‘पैक दल’ उभारण्यात आले, कारण गनिमांशी लढण्याचा अनुभव त्यांच्यापाशी होता, आणि तो त्यांना मांचुरियात मिळाला होता. त्या मोहिमेची मोठी झळ डोंगरातल्या सामान्य गावकऱ्यांनाही बसली. म्हणूनच त्यांच्या आयुष्याचे १९४५पूर्वीचे आणि नंतरचे असे दोन सुटे भाग पाडता येत नाहीत.

१९५२ साली ते लष्करप्रमुख झाले आणि १९५३च्या जानेवारीत, वयाच्या ३२व्या वर्षी, चार-तारांकित जनरल. आपल्या वाचकांसाठी एक नोंद करतो: त्याच वर्षी शस्त्रसंधीनंतर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताचे जे दल कोरियात गेले, त्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे मराठी अधिकारी होते.

१९६०मध्ये, अवघ्या ३९व्या वर्षी, पैक निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी तैवान, फ्रान्स आणि कॅनडा येथे राजदूत म्हणून काम केले. २००९ साली सरकारनेच नेमलेल्या समितीने जपानशी सहकार्य करणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव घातले. १० जुलै २०२० रोजी, वयाच्या ९९व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि मोठ्या वादानंतर तेजॉनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. स्मशानभूमीच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे जपानशी केलेल्या सहकार्याचा उल्लेख जोडण्यात आला होता, तो सरकारने २०२३मध्ये काढून टाकला. मला ते पटले नाही. ताबूदोंगचा पराक्रम त्या एका ओळीने उणा होत नव्हता, आणि कांदो दलाने ज्यांचा पाठलाग केला त्या माणसांची आठवण त्या ओळीत निदान शिल्लक होती.