वाचक विचारतात : फिफ्थ ॲव्हेन्यूचे मानकरी

प्रश्न : सर, माझी लेक आणि जावई न्यू जर्सीत असतात. १७ मार्चला त्यांनी मला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवर सेंट पॅट्रिक डे परेड, म्हणजे आयरिश लोकांच्या सणाची मिरवणूक, दाखवली. तासन्‌तास माणसं नुसती चालत होती. चित्ररथ नाही, ट्रक नाही, एकही नटी नाही! ऑगस्टमधल्या आपल्या इंडिया डे परेडला केवढी सजावट असते. इथे सगळ्यांत पुढे सैनिक आणि त्यांच्यासोबत उंचच उंच कुत्रे. जावई म्हणाले, "हे हायबर्नियन लोकांचं." हे कोण लोक, आणि त्यांना हा मान कुणी दिला?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : दिला कुणी नाही ताई, त्यांनी तो मिळवला. आणि मुळात परेड त्यांची नव्हतीच. न्यूयॉर्कमध्ये ती १७६२ साली निघाली, तेव्हा ब्रिटिश सैन्यातले आयरिश शिपाई त्यात होते. अमेरिका स्वतंत्र व्हायला अजून १४ वर्षं होती. (फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनमध्ये १६०१ सालीच अशी मिरवणूक निघाल्याच्या नोंदी आहेत. न्यूयॉर्ककरांना हे ऐकवायला मला फार आवडतं.)

'एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स' ही संस्था तिथे उभी राहिली १८३६ साली, मॅनहॅटनच्या सेंट जेम्स चर्चमध्ये. आयर्लंडचं लॅटिन नाव हायबर्निया, त्यावरून हे नाव. सभासद व्हायचं तर आयरिश वंशाचा कॅथलिक पुरुषच हवा. आजारी सभासदाला मदत करायची, गेलेल्याच्या घराकडे बघायचं आणि वेळ आली तर चर्चच्या दारात उभं राहायचं. ही शेवटची गोष्ट शोभेपुरती नव्हती. १८४४ साली फिलाडेल्फियात कॅथलिकविरोधी जमावाने कॅथलिक चर्च जाळली, तेव्हा न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज यांनी आपल्या चर्चभोवती माणसांचा पहारा बसवला. हायबर्नियन त्यात होतेच. न्यूयॉर्कमधलं एकही चर्च जळलं नाही.

पुढच्याच वर्षी आयर्लंडात बटाट्याचं पीक सडलं आणि उपाशी माणसं बोटी भरभरून येऊ लागली. १८६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये दर चार माणसांमागे एक आयर्लंडात जन्मलेला होता. लहान लहान मंडळं आपापल्या मिरवणुका काढायची, त्या एकत्र होत गेल्या आणि १८५० नंतर सूत्रं हायबर्नियनांच्या हाती आली. ज्यांना नोकरीच्या जाहिरातीतसुद्धा नको म्हटलं जायचं, त्यांनी वर्षातून एकदा 'आम्ही किती आहोत ते मोजा' असं शहराला दाखवायचं. माझ्या मते चित्ररथ नसण्याची मेख इथे आहे. मोजायची ती माणसं. आजही तिथे मोटारी आणि चित्ररथांना मनाई आहे.

तुम्ही पाहिलेले सैनिक न्यूयॉर्कच्या ६९व्या रेजिमेंटचे, ही मूळची आयरिश लोकांची पलटण. पुण्यात कसब्याच्या गणपतीचा जो मान, तो इथे त्यांचा, १८५१ पासून. अधिकाऱ्यांच्या हातात काटेरी झुडपाच्या लाकडाची काळी काठी असते, टोपीत हिरवी डहाळी. १८६२ साली अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत, ही रेजिमेंट ज्यात होती त्या आयरिश ब्रिगेडने टोप्यांत अशाच डहाळ्या खोचल्या होत्या, त्याची ती आठवण. कुत्रे आयरिश वुल्फहाउंड. याच रेजिमेंटचे कर्नल मायकेल कॉर्कोरन यांनी १८६० साली इंग्लंडच्या युवराजाला सलामी द्यायला साफ नकार दिला होता. कोर्ट मार्शल सुरू झालं, पण यादवी युद्ध पेटलं, लढायला माणसं हवी होती, आणि खटला गुंडाळला गेला. तो युवराज म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. मुंबईच्या काळ्या घोड्यावर बसलेला तोच, हल्ली मुक्काम राणीची बाग.

प्रश्न : या परेडमध्ये समलिंगी गटांना बंदी होती असं वाचलं. रस्ता तर सगळ्यांचा. मग आयोजकांना असं करता येतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : येतं, असं कोर्टानेच म्हटलं. पण भांडण पंचवीस वर्षं चाललं.

१९९१ साली हायबर्नियनांच्याच एका शाखेने आयरिश समलिंगी गटाला आपल्यासोबत चालायला घेतलं. महापौर डेव्हिड डिंकिन्स पुढचा मान सोडून त्यांच्यात सामील झाले. लोकांनी त्यांची हुर्यो उडवली, बिअरही फेकली. १९९३ साली शहर प्रशासनाने परेडचा परवाना दुसऱ्यांना देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा फेडरल न्यायाधीशांनी हायबर्नियनांची बाजू घेतली : मिरवणूक हे आयोजकांचं म्हणणं आहे, त्यात कोण बोलणार ते सरकार ठरवू शकत नाही. बॉस्टनच्या अशाच खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. निकाल मला पटतो. आयोजकांचा हट्ट तेव्हाही पटला नव्हता, कारण दाराबाहेर उभं केल्याचं दुःख या मंडळींपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

शेवटी हलवलं ते पैशाने. २०१४ साली गिनेस या बिअर कंपनीने प्रायोजकत्व काढून घेतलं, महापौर बिल डी ब्लासिओ गेले नाहीत. २०१५ मध्ये एनबीसी या टीव्ही कंपनीच्या समलिंगी कर्मचाऱ्यांचा गट चालला, २०१६ मध्ये 'लॅव्हेंडर अँड ग्रीन अलायन्स' हा आयरिश समलिंगी गट. त्या वर्षी महापौरही परतले.

प्रश्न : १७ मार्चला रविवार आला तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आदल्या दिवशी, शनिवारी. सकाळी ११ला ४४व्या रस्त्यावरून सुटते, ७९व्याला संपते. ५०व्या रस्त्याजवळच्या कॅथीड्रलसमोर मुंगीलाही जागा नसते. सेंट्रल पार्कच्या बाजूला उभे राहा, आणि कानटोपी न्या.