हौशी क्लबचा हिवाळी सराव: आधी गोलंदाजांचे चेंडू मोजा

आपण विचारले आहे की, वीसेक खेळाडू, आठवड्यातून एकदा दोन तास मिळणारे बंदिस्त सभागृह, त्यात दोन नेट आणि हाताशी दहा आठवडे असताना हिवाळी सराव कसा आखावा, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर रोडावणारी उपस्थिती कशी टिकवावी. यातील पहिल्या प्रश्नावर मी सविस्तर लिहितो, कारण त्यावरून आमच्या क्लबच्या कर्णधारांशी माझे दोन हिवाळे खटके उडाले आहेत.

आमच्याकडे सराव म्हणजे प्रत्येक फलंदाजाला दहा मिनिटे, आणि गोलंदाजांनी मात्र वेळ संपेपर्यंत चेंडू टाकत राहायचे. एका नेटमध्ये तीन गोलंदाज असतील आणि दर पंधरा सेकंदांनी एक चेंडू पडत असेल, तर तासाभरात प्रत्येकाचे 80 चेंडू होतात, म्हणजे दोन तासांत सव्वीस षटके. सामन्यात त्याच मुलाला आपण आठ-दहा षटकांच्या पुढे जाऊ देत नाही. शिवाय ही षटके पातळ मॅट अंथरलेल्या टणक जमिनीवर पडतात, जिथे पुढचा पाय आदळला की धक्का थेट कमरेपर्यंत पोहोचतो.

आमच्या संघात सतरा वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान मारा करणारा एक मुलगा होता. पाचव्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की, रनअपच्या खुणेकडे परतताना तो कमरेची डावी बाजू तळहाताने दाबून धरतो आणि पाठ मागे वाकवताना ओठ आवळतो. मी कर्णधारांना सांगितले, तेव्हा थंडीने अंग आखडले आहे, घाम आला की मोकळे होईल, असे उत्तर मिळाले. पुढे एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्याला ताणामुळे पडलेली चीर दिसली आणि तो मुलगा संपूर्ण हंगाम सीमारेषेबाहेर बसून धावफलक लिहीत राहिला. तरुण वेगवान गोलंदाजांमध्ये ही दुखापत नेहमी आढळते आणि ती बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला होते. हे मला तेव्हा माहीत असते, तर मी त्याच दिवशी त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला असता.

म्हणून माझे ठाम मत आहे की, हिवाळी सरावाची आखणी गोलंदाजांपासून सुरू व्हावी. पहिले दोन आठवडे प्रत्येकी 24 चेंडू, ते वहीत लिहून ठेवावेत आणि दर दोन आठवड्यांनी एक षटक वाढवावे. म्हणजे शेवटच्या दोन आठवड्यांत गोलंदाज आठ षटकांवर येतो. यष्ट्यांच्या रेषेपासून 1.22 मीटरवर, म्हणजे गोलंदाजाचा पुढचा पाय जिच्यापुढे जाता कामा नये त्या क्रीजच्या जागी, जमिनीला चिकटपट्टी लावून तिथे एकाने उभे राहावे. नेटमध्ये नो-बॉल कोणी पाहत नाही, आणि हिवाळाभर वीतभर पुढे पडलेला पाय पहिल्या सामन्यात मागे येत नाही.

फलंदाज कुरकुर करतील, पण त्यांना थ्रोडाउन, म्हणजे जवळून हाताने फेकलेले चेंडू, पुरेसे आहेत. मॅटवर चेंडू एकसारखा उसळतो, त्यामुळे चढत्या चेंडूवर ड्राइव्ह मारण्याची सवय जडते आणि ओलसर, संथ खेळपट्टीवर तोच फटका कव्हरच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो. ऑस्ट्रेलियाचे महान फलंदाज डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरल गावातल्या घरी पाण्याच्या टाकीच्या विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू आपटून तो स्टंपने टोलवत असत. त्यासाठी त्यांना एकाही गोलंदाजाची गरज लागली नव्हती. उरलेला वेळ झेलांना द्यावा: तीन जणांची स्लिप, बॅटची कड लावून देणारा एक जण, आणि हात गरम होईपर्यंत टेनिसचा चेंडू.

उपस्थितीबद्दल इतकेच सांगतो की, पॅड बांधून चाळीस मिनिटे बाकावर बसवलेला माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही, तर सतत झेल घेत असलेला येतो.

वरील आकडे वेगवान गोलंदाजांसाठी आहेत. फिरकी गोलंदाजांना आणि वर्षभर नियमित गोलंदाजी करणाऱ्या प्रौढांना याहून अधिक चेंडू झेपतील. मात्र पाठ मागे वाकवताना कमरेत एका बाजूला दुखत असेल, तर त्या खेळाडूला त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांकडे पाठवावे, मग कर्णधार काहीही म्हणोत.