जगाचा शेवट होतो अशी एखादी कथा वाचून तुम्हाला आशा वाटली आहे का? कोणती?

हो, वाटलीये. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरीची 'द लास्ट नाइट ऑफ द वर्ल्ड', 1951 ची, जेमतेम चार-पाच पानं. (शेवट सांगतोय, वाचायची असेल तर इथेच थांबा.)

नवरा कॉफी ओतता ओतता बायकोला विचारतो, आजची रात्र जगाची शेवटची आहे असं कळलं तर काय करशील? तिला आधी वाटतं उगाच विचारतोय, पण नाही, त्याला स्वप्न पडलंय, ऑफिसातल्या लोकांना तेच पडलंय, आणि मग कळतं की हिलाही तेच पडलंय. बॉम्ब नाही, युद्ध नाही, नुसतं संपणार. मग दोघं करतात काय तर भांडी घासतात, नीट रचून ठेवतात, पोरींना झोपवतात, त्यांच्या खोलीचं दार जरासं उघडं ठेवतात, आणि स्वतः आडवे झाल्यावर बायको एकदम उठून किचनमध्ये जाते कारण सिंकचा नळ चालूच राहिलेला असतो. तो बंद करून येते, दोघांना हसू येतं, गुड नाइट म्हणतात, कथा संपली.

हॉस्टेलवर पहिल्यांदा वाचली तेव्हा डोकंच फिरलं होतं, म्हटलं अरे काहीतरी करा ना, रडा, आरडाओरडा करा! त्यातून कथा लिहिली तो काळ म्हणजे अमेरिकेत शाळेतल्या पोरांना अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली कसं घुसायचं ते शिकवत होते, आणि कथेतही त्या रात्री समुद्रावर बॉम्बर विमानं उडतायत, आणि हे दोघं भांडी घासतायत.

मग 2020 आलं. लॉकडाऊनमध्ये हॉलमध्ये टीव्हीवर आकडे चालू असायचे, आणि आई मात्र रोज रात्री ओटा पुसून, दूध कोमट झालंय का ते बोट बुडवून बघून विरजण लावायची. एकदा मी वैतागून म्हटलं, अगं उद्याचं काय खरं आहे? तर म्हणाली, "उद्या दही लागेल ना पण."

तेव्हा मला तो नळ आठवला. पाणी वाया गेलं तरी आता विचारणारं कोण राहणारे, तरी ती बाई अंथरुणातून उठते. सुटकेची आशा त्यात नाहीये हे मान्य, काही जणांना तो थंडपणा वाटतो तेही बरोबर असेल. मला मात्र जग वाचवणाऱ्या हिरोंच्या गोष्टींपेक्षा तो नळ जास्त धीर देतो.

आणि हो, दही छान लागलं होतं.