खेड्यात राहून इलेक्ट्रिक आरसी (रिमोटवरची) विमानं उडवायला सुरुवात कशी करावी? २२०० केव्हीची मोटर घेऊ का?

तुमच्या प्रश्नात चार प्रश्न आहेत: यवतमाळकडच्या खेड्यात राहून हे जमेल का, विमान तयार घ्यावं की घरी बनवावं, खर्च किती, आणि एका अनुभवी माणसाने सांगितलेलं "आपल्याकडच्या वाऱ्याला २२०० केव्हीची मोटर अन् मोठी बॅटरीच लागते" हे बरोबर का. मी शेवटच्यापासून सुरू करतो, कारण हा सल्ला कानावर आला की मला गप्प बसवत नाही.

नाही. पहिल्या विमानाला २२०० केव्हीची मोटर लावू नका, फुकट मिळाली तरी.

केव्ही म्हणजे इथे किलोव्होल्ट नव्हे. दर व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे मारते, तो हा हिशेब आहे, जोराचा नाही. ३ सेलच्या बॅटरीच्या ११.१ व्होल्टवर १००० केव्हीची मोटर बिनप्रोपेलरची मिनिटाला ११,१०० फेरे मारते, २२०० ची २४,४२०. एवढ्या फेऱ्यांना प्रोपेलर छोटाच चालतो, ६ इंची. तो थोडीच हवा फार वेगाने मागे फेकतो. १० इंची प्रोपेलर भरपूर हवा सावकाश फेकतो, आणि हातातून सुटलेल्या संथ विमानाला ओढ हवी असते ती अशीच. मग २२०० वरच १० इंची लावू म्हणाल, तर मोटर जळेल. फेऱ्या त्याच ठेवून त्याच घडणीचा प्रोपेलर दीडपट मोठा केला की फिरवायला साडेसातपट ताकद लागते. २२१२ या नेहमीच्या छोट्या आकाराच्या मोटरीची वायंडिंग एवढा करंट पेलत नाही. आधी वार्निशचा वास येतो, मग मोटर तरी जाते नाहीतर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट).

आमच्या तालुक्यातल्या एका गड्याशी माझा हा वाद जुना आहे. त्याचं म्हणणं, वारा जोराचा, म्हणून विमान जड अन् वेगवान पाहिजे. तर त्याचंच विमान कागदावर मांडू. पंख १२० सेंमी लांब, २० सेंमी रुंद, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर. फोमबोर्डचं असं विमान २२०० एमएएचच्या बॅटरीसकट ७५० ग्रॅममध्ये बसतं: चौरस डेसिमीटरला ३१ ग्रॅम. त्याने ५००० एमएएचची बॅटरी घातली, पोटाला प्लायवुड लावला, खाली जाड तारेचं लँडिंग गिअर ठोकलं आणि वजन नेलं ११५० ग्रॅमवर: चौरस डेसिमीटरला ४८. हलकं विमान साधारण ताशी २५ किमीच्या खाली स्टॉल होतं (पंख उचल सोडतो आणि विमान पडतं), हे जड ३१ च्या खाली. फरक किरकोळ वाटतो. पण हाताने फेकलेल्या विमानाला सुटताना वेग मिळतो तोच जेमतेम २५ ते ३० चा. हलकं हातातून सुटतानाच उडत असतं. जडाला पडता पडता वेग कमवावा लागतो, आणि खाली जागा असते फक्त खांद्याएवढी.

पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. मोटरच्या पिळाने डावा पंख झुकतो. उडवणारा घाबरून रिमोटची काठी पूर्ण उजवीकडे मारतो. डावा आयलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) खाली येतो, आधीच स्टॉलच्या काठावर असलेल्या पंखाचा कोन आणखी वाढतो, आणि विमान सावरायच्या ऐवजी डावीकडेच गिरकी घेऊन पऱ्हाटीत घुसतं. शिवाय ५००० ची बॅटरी नाकात मावली नाही म्हणून त्याने ती मागे सरकवली होती. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून २५ ते ३० टक्क्यांवर हवा, इथे ५ ते ६ सेंमी. त्याचा ८ वर होता. एवढ्या शेपूटजड विमानाला निष्णात माणूसही नीट सावरू शकत नाही. यावर त्याचा निष्कर्ष काय, तर मोटर कमी पडली!

वाऱ्याला उत्तर मोटर नाही, घड्याळ आहे. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत सकाळी साडेसहा ते साडेआठ आपल्याकडे पान हलत नाही. दुपारी, त्यातून मे महिन्यात, काळ्या वावरातून वावटळी उठतात, तेव्हा शिकणाऱ्याने ट्रान्समीटर (हातातला रिमोट) पेटीतून काढूच नये. उन्हाळ्यात हवाही विरळ होते. १५ अंशांच्या मानाने ४४ अंशांत घनता सुमारे ९ टक्के कमी, म्हणजे स्टॉलचा वेग जवळपास ५ टक्के जास्त. जड विमानवाल्यांना मे महिन्यात हे जास्तच जाणवतं.

आता काय घ्यायचं ते. २२१२ आकाराची १००० केव्ही मोटर, १० x ४.५ चा प्रोपेलर, ३० अँपिअरचा ईएससी, ९ ग्रॅमचे चार सर्वो (हलत्या पट्ट्या वळवणाऱ्या छोट्या मोटरी), ३ सेल २२०० एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी). या जोडीतून ८०० ग्रॅमच्या आसपास ओढ मिळते, ७५० ग्रॅमच्या ट्रेनरला, म्हणजे शिकाऊ विमानाला, ती भरपूर झाली. ट्रान्समीटर फ्लायस्काय एफएस-आय६. पंख वर असलेलं विमान घ्या, दोन्ही बाजूंना ५-६ अंश डायहेड्रल द्या, म्हणजे पंखांची टोकं तेवढी वर उचला. मोटर २-३ अंश खाली आणि तेवढीच उजवीकडे झुकवा. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा, ईएससीला दोष देऊ नका. थ्रॉटलचा (मोटरच्या वेगाचा) फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावरची स्थिती, शून्यावर स्वतः बसवा आणि प्रोपेलर काढून, ट्रान्समीटर बंद करून तपासा. टेबलावर सगळी जुळणी प्रोपेलर काढूनच करायची. १० इंची प्रोपेलर बोट तोडतो.

विमान घरीच बनवा. तयार ईपीओ फोमचं विमान छान उडतं, पण खेड्यात त्याचं नाक तुटलं की सुटा भाग कुरिअरने येईपर्यंत हंगाम संपतो. ५ मिमीचा, दोन्हीकडून कागद असलेला फोमबोर्ड जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या स्टेशनरीत मिळतो. दुकानदार सनबोर्ड हातात देईल, तो घेऊ नका. तो पीव्हीसीचा असतो आणि कितीतरी जड. पंखात कार्बन रॉडऐवजी बुरडाकडची वाळलेली बांबूची कामटी घाला, ८ मिमी रुंद, ३ मिमी जाड, गाठी तासून, पंखाच्या सर्वांत जाड भागात उभी. ओला बांबू वाळताना पिळतो आणि पंखही पिळतो. मग ट्रिम (ट्रान्समीटरवरची बारीक दुरुस्ती) कितीही मारा, विमान एका बाजूला जातच राहतं.

चिकटवण्याचं मात्र नीट ऐका. ग्लू गनची कांडी स्वस्त आणि झटपट, पण उन्हात ठेवलेल्या विमानात ती मऊ पडते आणि पूर्ण थ्रॉटलला मोटर फायरवॉलसकट (ती जिच्यावर बसते त्या पाटीसकट) निघून येते. मोटरचा भाग आणि पंखाचा मधला सांधा अराल्डाइटनेच जोडा, ग्लू गन बाकीच्या कामांना. थर्माकोलवर फेविक्विक आणि फेविबाँड दोन्ही चालत नाहीत, थर्माकोल खाऊन टाकतात. हिवाळ्यात गवतावर दव असतं, त्याने फोमबोर्डचा कागद सुटतो. खालच्या बाजूला पारदर्शक पॅकिंग टेप मारा, पण पूर्ण विमानाला गुंडाळू नका. टेपचंही वजन होतं.

बॅटरीबद्दल कोणी नीट सांगत नाही. सेलला भरून ४.२ व्होल्ट, ठेवायला ३.८, आणि उतरल्यावर ३.६ च्या खाली नको. २२०० एमएएच म्हणजे चार्जिंग २.२ अँपिअरने. ८० टक्के वापरायची, म्हणजे १७६० एमएएच. सरासरी १० अँपिअरने ती साधारण १० मिनिटं पुरते. नवशिक्याने ट्रान्समीटरचा टायमर ६ मिनिटांवर लावावा, कारण उतरण्याचे दोन-तीन प्रयत्न फसतात. वीज बेभरवशाची असेल तर बी६ जातीचा चार्जर घ्या. तो ११ ते १८ व्होल्ट डीसीवर चालतो, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही. टिनाच्या छपराखाली किंवा बंद गाडीत भरलेली लायपो ठेवली की फुगते. फुगलेली चार्ज करायची नाही, सुई टोचायची तर नाहीच. कोरडी वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यात, घराच्या थंड कोपऱ्यात ठेवा. चार्जिंग ओट्यावर, कडब्यापासून दूर, समोर बसून.

खर्च: ट्रान्समीटर ५,००० च्या आसपास, बाकी सगळं धरून ९ ते ११ हजार. भाव हलते आहेत. वाचवायचं असेल तर दुसऱ्या बॅटरीवर वाचवा, ट्रान्समीटरवर नाही.

क्लब नसला तरी चालतं, एक जोडीदार मात्र पाहिजे. फेकणारा वेगळा, उडवणारा वेगळा. विमान वाऱ्याच्या तोंडी, आडवं सरळ फेकायचं, थ्रॉटल पाऊण. नाक वर करून आभाळात फेकणाऱ्या पोट्ट्याच्या हातात विमान देऊ नका. त्याआधी पिकासिम या मोफत सिम्युलेटरवर (पडद्यावरच्या विमानावर) सराव करा. विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं, ते बोटांत भिनेपर्यंत वावरात जाऊ नका. जागा म्हणून गायरान किंवा गहू निघालेलं वावर चांगलं. पऱ्हाटी आणि तुरीचे खुंट फोमबोर्ड फाडतात, भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या लँडिंगला अडवतात.

एवढं बोलल्यावर त्या गड्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. २२०० केव्ही आणि ६ इंची प्रोपेलर ८० सेंमीच्या छोट्या फ्लाइंग विंगवर (शेपूट नसलेल्या, नुसत्या पंखाच्या विमानावर) झकास चालतो. पण ते विमान हात बसल्यावरचं आहे, आणि तो ते पहिल्याच दिवशी शिकाऊ पोरांच्या हातात देतो.

नियम उशिरा सांगतोय, पण ते पाळाच. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या बनावटीचं सरकारी प्रमाणपत्र) लागत नाही आणि २ किलोपर्यंत बिनव्यावसायिक उडवायला पायलट परवाना लागत नाही. कुठे उडवता येतं ते ठरवणारे झोन मात्र सगळ्यांना लागू. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या भागात उंची ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीत २०० फूट. पुलगावचा दारूगोळा डेपो, भंडारा आणि भद्रावतीच्या आयुध निर्माण्या, ताडोबा-मेळघाट यांच्या आसपास विमान बाहेरच काढू नका. गडचिरोलीत तर आधी ठाण्यात बोलूनच. इतरत्रही पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवा, आकाशात काही दिसलं की हल्ली लोक लगेच फोन करतात.

आणि कृषिपंपाच्या ११ हजार व्होल्टच्या लाइनपासून किमान दोनशे मीटर लांब उडवा. विमान तारेत अडकलंच तर काठी, बांबू, दगड काही नको. लाइनमनला फोन करा आणि तो वीज बंद करेपर्यंत खाली कोणाला जाऊ देऊ नका.