शंका-समाधान : विंडोज ११ टाकताना

प्रश्न : आमच्या होमस्टेच्या ऑफिसात आठव्या पिढीच्या आय-फाइव्हचा डेस्कटॉप आहे, रॅम ८ जीबी. तरी ‘पीसी हेल्थ चेक’मध्ये (विंडोज ११ चालेल का ते तपासणारं मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅप) सिक्युअर बूटवर (संगणक सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लाल फुली येते. दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या. – एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : घाई करू नका. तुमचा प्रोसेसर चालतो, रॅम तर किमान ४ जीबीच लागते. बहुधा विंडोज १० टाकताना बायोस (संगणक सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) ‘लेगसी’ म्हणजे जुन्या मोडवर ठेवलं गेलं असावं. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ची ओळ बघा. तिथे लेगसी असेल तर विंडोजची डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची आहे. सिक्युअर बूटला यूईएफआय हा नवा मोड लागतो आणि त्यासाठी ती डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागते.

हे फॉरमॅट न मारता होतं. विंडोज १०मध्येच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे कमांडवर चालणारं साधन आहे. आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) असेल तर तो ‘सस्पेंड’ म्हणजे तात्पुरता बंद करा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून साधन ‘व्हॅलिडेट’ (फक्त तपासणी) पर्यायाने चालवा. चालू विंडोजमधून चालवताना ‘अलाऊ-फुल-ओएस’ जोडावं लागतं, नाहीतर ते नकार देतं. बरेच जण अडकतात ते इथेच. आपल्याकडे विक्रेते हौसेने सी, डी, ई असे भाग पाडून देतात आणि त्यातला शेवटचा हमखास ‘लॉजिकल’ (‘एक्स्टेंडेड’ नावाच्या मोठ्या भागाच्या पोटातला) असतो. हे साधन जास्तीत जास्त तीन प्रायमरी (स्वतंत्र, मुख्य) भाग चालवून घेतं, लॉजिकल एकही नाही. तेव्हा ई-मधला माल बाहेर काढून तो भाग आणि त्याभोवतीचा एक्स्टेंडेड भाग, दोन्ही ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून काढा, मगच साधन ‘कन्व्हर्ट’ पर्यायाने चालवा.

कन्व्हर्ट झालं की रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा. सीएसएम (जुना लेगसी मोड चालू ठेवणारी सोय) बंद करून मोड यूईएफआय करा. हे विसरलात तर डिस्क सापडत नाही असा संदेश येईल, पण डेटा जागेवरच असतो. विंडोज नीट उघडल्यावरच सिक्युअर बूट आणि टीपीएम (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू करा. इंटेलच्या बोर्डावर टीपीएमचं नाव ‘पीटीटी’ असतं, एएमडीवर ‘एफटीपीएम’.

आणखी एक. पावसाळ्यात होमस्टे बंद, संगणकाचा प्लग काढलेला, अशा वेळी बोर्डावरचा सीआर २०३२ सेल उतरतो. मग बायोस मूळ सेटिंगवर जातं, लेगसी परत येऊ शकतं, घड्याळ मागे पडतं आणि तारीख चुकली की अपडेटच्या सुरक्षित जोडण्याही फसतात. दर वेळी तारीख चुकत असेल तर आधी सेल बदला. नवा ३ व्होल्टचा असतो, किंमत किरकोळ. खाऱ्या हवेने सेलच्या खाचेत हिरवट थर आला असेल तर तो पुसल्याशिवाय नवा सेलही टिकणार नाही.

प्रश्न : लॅपटॉपला १२८ जीबी एसएसडी आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपग्रेड लावलं की शेवटी ८००७००७० हा एरर येतो. शिवाय लाइट कधी जाईल सांगता येत नाही. – एक बागायतदार, देवगड

उत्तर : हा एरर जागा कमी पडल्याचा. सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी मोकळी करा. ‘डिस्क क्लीनअप’मध्ये ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबल्याशिवाय खरी जागा सुटत नाही. हॉटस्पॉटवर डेटा जाळण्यापेक्षा फायबर असलेल्या ठिकाणी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (अख्खं विंडोज असलेली एक मोठी फाइल) एकदाच उतरवा. पेनड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटचा हवा, कारण फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आयएसओवर डबल-क्लिक करून ‘सेटअप’ चालवा आणि अपडेट्स उतरवण्याचा पर्याय ‘नॉट राइट नाऊ’ ठेवा. भाषेकडे लक्ष द्या: आताचं विंडोज ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ असताना ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ची आयएसओ घेतलीत, तर तुमची अ‍ॅप्स ठेवण्याचा पर्यायच मिळत नाही.

लाइटचं म्हणाल तर लॅपटॉपला बॅटरी आहे, चार्जर लावून ठेवा, बस. डेस्कटॉपवाल्यांनी मात्र साध्या ६०० व्हीए यूपीएसवर विसंबू नये, तो थोड्या मिनिटांचा सोबती. घरच्या इन्व्हर्टरवर करायचं असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं. दुसऱ्या मोडमध्ये लाइट गेल्यावर इन्व्हर्टर उशिरा पकडतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. सगळं जमल्यावर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर लगेच उडवू नका. जुन्यावर परतायला १० दिवस मिळतात, ते त्याच फोल्डरच्या जोरावर.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत ३२ बिट विंडोज १० आहे. ११ टाकलं तर जुनं खातेवहीचं सॉफ्टवेअर चालेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : सॉफ्टवेअर डॉसवरच्या (विंडोजआधीच्या जुन्या प्रणालीवरच्या) फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅमचं असेल तर नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे आणि त्यावर १६ बिट व डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. ३२ बिटवरून थेट अपग्रेडही होत नाही, कोरं इन्स्टॉलेशन करावं लागतं. विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. अपडेटच्या मुदतवाढीची घरगुती योजना संस्थांना लागू नाही, त्यांना वेगळं लायसन्स विकत घ्यावं लागतं. नवं सॉफ्टवेअर येईपर्यंत जुना संगणक इंटरनेट काढून फक्त खातेवहीसाठी ठेवा. कोरं इन्स्टॉलेशन करण्याआधी ‘फॉन्ट्स’ फोल्डरही कॉपी करा. जुन्या बिगर-युनिकोड (रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या) फॉन्टमधली पत्रं तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा चिवडा होऊन उघडतात.