‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकाच्या जुन्या अंकांतल्या व्यंगचित्रांवर दोन-दोन सह्या का असतात?

कारण चित्र काढणारा एक आणि लाकडात कोरणारा दुसरा. ‘पंच’चा व्यंगचित्रकार जॉन टेनिएल बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर पेन्सिलने आरशातल्यासारखं उलटं चित्र उतरवायचा, मग कोरणारा जोसेफ स्वेन याच्या वर्कशॉपमधे पांढरं राहायला हवं तेवढं लाकूड कोरून काढायचे नि रेघा तेवढ्या उभ्या ठेवायचे, म्हणून एका कोपऱ्यात जे आणि टी एकमेकांत अडकवलेली खूण दिसते आणि दुसरीकडे बारीक अक्षरात स्वेन (एवढी मेहनत करून लक्षात कोण राहिला, तर टेनिएल!). मोठ्या चित्रात मधेच केसासारखी सरळ पांढरी रेघ दिसली तर तो स्कॅनचा दोष नाही, बॉक्सवूडचं खोड बारीक असतं त्यामुळे छोटे तुकडे जोडून ठोकळा करायचे, त्याचा सांधा आहे तो. फक्त १८९० नंतरच्या अंकांना हे सरसकट लावू नका, तेव्हा फोटोवरून धातूचे ब्लॉक बनायला लागले होते.