पुतण्याची शाई आणि कोंबड्यांचं शेड

प्रश्न : सर, नमस्कार. खानापूर तालुक्यात माझं ब्रॉयलरचं शेड आहे. पावसाळ्यात पडदे सोडले की आत डोळे चुरचुरतात. पुतण्या बेळगावात लग्नपत्रिका छापतो. तो म्हणतो, तशीच शाई प्लॅस्टिकच्या पट्टीवर छापून गॅस ओळखणारा सेन्सर करता येतो. खरं का? घरच्या सिलिंडरलाही तोच चालेल?
— एक शेतकरी

उत्तर : पुतण्या खरं बोलतोय, पण अर्धंच.

पत्रिकेसारखीच जाळीची चौकट घ्यायची आणि पातळ पॉलिएस्टरवर चांदीच्या शाईनं दोन फण्या छापायच्या, दात एकमेकांत शिरलेले पण न टेकलेले. त्यावर पॉलिअ‍ॅनिलीनचा हिरवा थर. हे वीज वाहणारं प्लॅस्टिक. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, असं मी वर्गात कित्येक वर्षं ठासून सांगितलं. वास्तविक १९७७ सालीच हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी ते खोटं ठरवलं होतं. २००० साली त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा कुठे मी गप्प झालो.

तुमच्या शेडमधली चुरचुर अमोनियाची. ओल्या लिटरमधल्या, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेल्या थरातल्या, विष्ठेवर जिवाणू काम करतात, त्यातून तो सुटतो. हिरव्या थरात आम्ल मुरवलेलं असतं, म्हणून तो वीज वाहतो. अमोनिया त्या आम्लाचे प्रोटॉन ओढून घेतो. थर निळसर होत जातो आणि दोन फण्यांमधला रोध वाढतो. साध्या मल्टिमीटरवर दिसतं. मोकळी हवा लागली की बराचसा पूर्ववत. बाजारातल्या टिन ऑक्साइडच्या सेन्सरला आत हीटर लागतो, दोनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. ही पट्टी खोलीच्या तापमानाला चालते, म्हणजे वीज गेली तरी बॅटरीवर भागतं.

आता उरलेलं अर्धं. एका मित्रानं दिलेली अशी पट्टी मी टिळकवाडीत स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली होती. जूनमध्ये पाऊस लागला आणि आकडा हलायला लागला. मी फरशी पुसायच्या बाटलीवर संशय घेतला, ती अंगणात ठेवली, बायकोची बोलणी खाल्ली. आकडा हलतच राहिला. दोष हवेतल्या ओलीचा होता. पॉलिअ‍ॅनिलीनला बाष्पही कळतं, आणि खानापूरच्या पावसात बाष्पाला काय तोटा! तेव्हा शेजारी आर्द्रता मोजणारा सेन्सर हवाच, म्हणजे तेवढा फरक वजा करता येतो. शिवाय थर जुना होतो. अधूनमधून खात्रीच्या मीटरशी ताडून पाहा. दहा लाख भागांत २५ भागांच्या आत अमोनिया ठेवावा, असं सर्वसाधारण सांगतात. पट्टी आढ्याला नको, पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर लावा. श्वास तिथं घेतला जातो. आणि नाकावर विसंबू नका, थोड्या वेळात ते वासाला सरावतं.

सिलिंडरसाठी मात्र नाही. त्यातले प्रोपेन-ब्यूटेन प्रोटॉन मागत नाहीत, हा थर त्यांना ओळखही देणार नाही. तिथं तयार गॅस अलार्म घ्या आणि जमिनीजवळ बसवा, कारण तो गॅस हवेपेक्षा जड.

पुतण्या पट्टी छापेल तेव्हा छापेल. आज पक्ष्यांच्या पाण्याच्या निपलखालचं मूठभर लिटर उचलून दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर आधी ते निपल गळतंय का बघा आणि लिटर खालीवर करून घ्या.